तुमच्या गावचा वकील आमदार झाला तेव्हा... (गोवेकरांनो, अनुभव लिहा)

बार्देशची संध्या
काल भाजी निवडताना मोबाईलवर विधानसभेचं अधिवेशन लावलं होतं. एक आमदार उठले आणि पुरवणी प्रश्नावर मंत्र्यांना असं काही उलटंपालटं विचारायला लागले की मला आमचे वकीलकाका आठवले. नाव लिहीत नाही, घरचे लोक आहेत इथे. म्हापसा कोर्टात प्रॅक्टिस आणि मग आमदार. बाबांची मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) केस त्यांच्याकडेच, भाटकार म्हणजे जमीनमालक घराची कौलं बदलायला देत नव्हता. काकांनी बाबांना समोर बसवून १९७५ चा मुंडकार कायदा कोकणीत समजावला होता, पंचायतीच्या भागात घर धरून ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते पण आधी मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नाव लागलं पाहिजे, वगैरे. पुढे ते निवडून आले आणि फाईल ज्युनियरकडे गेली. बाबा रुसले. पण त्यानंतर सकाळी सातलाच काकांच्या सोप्यावर गर्दी, कोर्टाची नोटीस घेऊन आलेले आणि गटाराची तक्रार घेऊन आलेले एकाच बाकावर! आई म्हणायची, अशील होते ते मतदार झाले, फी तेवढी बुडाली.
तुमच्याकडचे वकील-आमदार कसे होते? लिहा.

पेडण्याचो राया
आमच्याकडे वकील-आमदार म्हणजे रमाकांत खलपच, दुसरं नाव नाही. १९७७ ला मांद्र्यातून, आणि ९६ ला खासदार होऊन थेट दिल्लीत कायदा राज्यमंत्री. आजोबा मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) कट्टर, सिंह सोडून कशावर शिक्का मारला नाही जन्मात. टीव्हीवर शपथविधी बघताना घरात कुणाला बोलू दिलं नव्हतं.

काळा कोट
मी नव्वदच्या दशकात पणजीत एका वकील-आमदाराचा ज्युनियर होतो, त्यामुळे थोडं लांबेल. अधिवेशन लागलं की आमचे हाल. सर सकाळी कोर्टात तोंड दाखवून आदिलशहाच्या वाड्यात पळायचे (तेव्हा विधानसभा तिथेच, पर्वरीला २००० ला गेली) आणि मी न्यायाधीशांपुढे उभा, सर सभागृहात आहेत पुढची तारीख द्या. एकदोनदा ऐकून घेतात, नंतर बघतात नुसते. काही अशील सोडून गेले आणि काही मुद्दाम आले, आमदार उभा राहिला म्हणजे समोरचा घाबरेल म्हणून. कोण घाबरतो? उलट समोरचा वकील जास्त जोरात बोलायचा.
पण खरं शिकलो ते एलएक्यू, म्हणजे विधानसभेतले प्रश्न, तयार करताना. सरांचा नियम, उत्तर आपल्या हातात कागदावर असल्याशिवाय प्रश्न टाकायचा नाही, उलटतपासणीसारखंच. लेखी प्रश्न अगदी साधा ठेवायचे, परवाना कुठल्या तारखेला दिला, जागेची पाहणी कधी झाली. मंत्री खात्याने लिहून दिलेलं वाचणार, की मग पुरवणीत सर कागद काढणार, पाहणीच्या आधी परवाना कसा काय हो? विधेयक आलं की कलम-कलम वाचायचे रात्री बसून आणि शेवटच्या दिवशी विधेयकं धडाधड पास व्हायला लागली की घरी येऊन जेवायचे नाहीत.
पुढच्या निवडणुकीत पडले. समोरचा माणूस एकही बारसं, लग्न, मयत चुकवत नव्हता. आपल्याकडे मतदारसंघ केवढा, २०२२ लाही सरासरी २८-२९ हजार मतदार, शंभर-दोनशे मतांत खेळ संपतो. कलमं वाचणाऱ्याला ते शंभर कोण देणार?

संध्या
@काळा कोट बापरे. यावर वेगळा धागा काढा.

बेतीकरीण
पूल पडला ना १९८६ च्या जुलैत, मांडवीचा, तेव्हाची गोष्ट. नवीन पूल ९२ ला, तोपर्यंत सगळी गर्दी फेरीबोटीवर. कोर्टातले कारकून, मासे घेऊन निघालेल्या बायका, आमदार सगळे एकत्र. पप्पांनी बघितलेलं, एक वकील-आमदार चढले की कोणीतरी नोटीस पुढे करायचाच. ते चष्मा लावून वाचायचे आणि बेतीच्या धक्क्याला लागेपर्यंत उत्तर काय द्यायचं ते सांगून मोकळे. पप्पा म्हणायचे फेरी फुकट, वकीलही फुकट. आता ऑफिसात भेटायला पीएला फोन करा, तो म्हणतो साहेब मीटिंगमध्ये.

राया
फेरीतल्या चण्याच्या पुड्या आठवतात का कुणाला??

बेतीकरीण
अरे हो! आणि पावसात ती ताडपत्री. कॉलेजची साडी चिंब.

नवखा वकील
एक शंका, आमदार असताना प्रॅक्टिस चालते का? आमच्या वकिलांच्या बारमध्ये वाद झाला.

काळा कोट
चालते. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आमदार-खासदार म्हणजे पगारी पूर्णवेळ नोकर नव्हे, वकिली करू शकतात. मंत्री झाल्यावर मात्र कोट खुंटीला.

मडगावचा बाब
उदय भेंब्रे राहिले की. तेही वकील, १९८४ ला मडगावातून अपक्ष. नंतर ८७ चा राजभाषा कायदा झाला तेव्हा...

संध्या
बाब, हात जोडते, कोकणी-मराठी भाषेचं इथे नको. मागच्या वेळी त्यावरून धागा बंद करावा लागला.

मडगावचा बाब
मी फक्त वकील म्हणून लिहीत होतो हो. बरं, गप्प.

कडू कारलं
वकील निवडून देऊन फायदा काय तर घटनेचं दहावं परिशिष्ट, पक्षांतरबंदीचं, तोंडपाठ. दोन तृतीयांश जमले की पक्षांतर नाही, विलीनीकरण. सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसच्या ११ आमदारांमधले ८ भाजपात गेलेच ना.

राया
त्यात राहिलेल्या तिघांत एक वकीलच आहेत की, हळदोण्याचे कार्लुस फेरेरा, माजी ॲडव्होकेट जनरल. सगळ्यांना एका काट्यावर तोलू नको.

कडू कारलं
एक उदाहरण दिलंस. बरं.

सत्तरीची सून
कुकर लावून लिहितेय. सासरे वकील, एकच टर्म आमदार. हरल्यानंतरचं कोणी लिहीत नाही. प्रॅक्टिस परत उभी करायची म्हणजे काय असतं ते घरच्यांनाच माहीत. अशील दुसरीकडे गेलेले, हाताखाली शिकलेले मुलगे समोर उभे राहून सर-सर म्हणत केस जिंकतात. मामलेदार ऑफिसात पूर्वी खुर्ची द्यायचे, आता बाहेर बसा. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण पहिलं वर्षभर पेपर उघडला नाही घरात. नंतर कुळांच्या केसी मिळायला लागल्या, त्याच लोकांच्या ज्यांनी मत दिलं नव्हतं. घेतल्या. सासूबाई चिडल्या होत्या जाम. शिटी झाली, येते.

काळा कोट
ताई, वाचून गप्प बसलो जरा. आमच्या सरांचंही हेच.

फोंड्याची मावशी
विषयाला सोडून विचारते, रागावू नका. फोंड्यात इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) करणारा चांगला वकील सांगा ना, आमदार नसलेला. वडील गेले, आम्ही चार भावंडं, भाऊ म्हणतो मुलींनी सही करून मोकळं व्हावं.

काळा कोट
मावशी, कसलीच सही करू नका!! गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. आईचा अर्धा हिस्सा आधी बाजूला निघतो, मग उरलेल्यात तुम्ही चौघं. लग्न झालं असेल तर यजमानांचीही सही लागेल. एक-चौदाचा उतारा (जमिनीचा, सातबारासारखा) काढून ठेवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

फोंड्याची मावशी
देव बरें करूं. उतारा भावाकडेच आहे, तोच तर देत नाही.

नवखा वकील
मावशी तो कोणालाही मिळतो, ऑनलाईन. सर्व्हे नंबर माहीत आहे ना?