जेसी बूट आणि आमचं मेडिकल: उधारीचं काय करू?

केजकर_मेडिकल
नमस्कार मंडळी. केजला आमचं मेडिकल आहे. वडील मागच्या पोळ्याला गेले. माझं डी.फार्म. होऊन दोनच वर्षं झालीत. काउंटरवर आता मी आणि आई. वडिलांची लाल वही उघडली तर पान न् पान उधारीचं. कुणी सोयाबीन निघाल्यावर देणार, कुणी उसाचं बिल आल्यावर. त्यात समोरच्या नव्या दुकानावर पाटी, ‘२० टक्के सूट’. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा औषधवाला जेसी बूट, ‘बूट्स’ दुकानांचा मालक, त्याच्याबद्दल थोडं वाचलं. त्याचेही वडील लवकर गेले, तोही आईबरोबर दुकानात उभा राहिला. स्वस्त विकून तो एवढा मोठा कसा झाला? त्यातलं केजमध्ये काय चालेल?

लातूरचा_काउंटर
भाऊ, वडिलांचं वाचून जीव कळवळला. मी ३१ वर्षं लातुरात मेडिकल चालवतोय. बूटचं मी मन लावून वाचलंय, म्हणून जरा सविस्तर.

त्याचे वडील आधी शेतमजूर. १८४९ ला त्यांनी गूज गेट रस्त्यावर काष्ठौषधींचं दुकान टाकलं. जेसी १० वर्षांचा असताना ते गेले. आई मेरीनं दुकान बंद पडू दिलं नाही. मायलेक रानातून पाला-मुळ्या आणायचे, वाळवायचे, कुटायचे. १३व्या वर्षी पोराची शाळा सुटली.

१८७७ ला कारभार त्याच्या एकट्याच्या हाती आला. त्याचा एप्सम सॉल्टचा व्यवहार नीट बघ. आपली जुनी माणसं त्याला विलायती मीठ म्हणायची. कापसावर लाल्या आला की फवारतो ते मॅग्नेशियम सल्फेट, तेच हे. बाकीचे दुकानदार औंसाला एक पेनी घ्यायचे. यानं टनानं माल उचलला आणि पौंडाला एक पेनी भाव लावला. पौंडात १६ औंस! परवडलं, कारण खरेदीही रोख आणि विक्रीही रोख. लाल वहीच नाही.

आणि तो स्वतः परीक्षा पास केमिस्ट नव्हता. कंपनीनं केमिस्ट नोकरीला ठेवला तर चालेल, असा निकाल १८८० ला लागला. मग त्यानं १८८४ ला एडविन वेअरिंग नावाचा पास झालेला माणूस ठेवला आणि चिठ्ठीची औषधं जवळपास निम्म्या भावात द्यायला लागला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ५५० च्या वर दुकानं झाली होती.

तू मात्र सुटीच्या पाटीला पाटी लावू नकोस. सरकारनं भाव बांधलेल्या औषधांत आपल्याला मार्जिन १६ टक्के, त्यात २० ची सूट कुठून देणार? सुटा माल पुड्यांत भरूनही विकू नकोस, त्याला वेगळं लायसन्स लागतं. कापूस, क्रेप बँडेज, मोठ्यांचे डायपर, शुगरच्या पट्ट्या हे पेटीनं आण आणि तिथं भाव पाड. उधारी आजपासून बंद.

परभणीची_सिस्टर
काका, बाकी सगळं पटलं, पण उधारी सरसकट बंद नको. मी वॉर्डात बघते. पैसे नाहीत म्हणून बीपीची गोळी महिनाभर सुटते आणि माणूस लकवा होऊन येतो.

बूटचंच बघा. संधिवातानं पुरता जखडला, चाकाच्या खुर्चीत बसला. १९२० ला कंपनी अमेरिकन लोकांना विकली, १९३१ ला गेला. त्याच्या कंपनीच्या नॉटिंगहॅमच्या प्रयोगशाळेत स्टुअर्ट अ‍ॅडम्स संधिवातावरच औषध शोधत होते, त्यातून आयबुप्रोफेन निघालं. १९६९ ला ते इंग्लंडात विकायला आलं. आपली ब्रुफेन. मालकाच्या वाट्याला काही ती आली नाही. आजारी माणसाला गोळी वेळेवर मिळणं, भाऊ, हे फार मोठं आहे.

लातूरचा_काउंटर
ताई, बरोबर बोललात. शुगर-बीपीची उधारी वेगळी धर भाऊ. क्रीम, साबण, टॉनिक मात्र रोखच.

केजकर_मेडिकल
काका, ताई, मनापासून आभार. रात्री शटर ओढून आईबरोबर वही घेऊन बसलो. शुगर-बीपीची ११ नावं निघाली, ती नव्या वहीत उतरवली. त्यातल्या एका आजीच्या नावापुढं वडिलांनी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘मागू नये’. आईनं तेही तसंच उतरवायला लावलं.