निरोप समारंभात चौदा नंबरचं नाव घेऊ की नको?

सड्यावरची (दापोली तालुका), १८ फेब्रुवारी २०२४

नमस्कार. मी दहावीत आहे. १ मार्चला मराठीचा पेपर आहे आणि त्याआधी, येत्या शुक्रवारी, शाळेत निरोप समारंभ. मुलांच्या वतीने मी बोलायचं असं बाईंनी ठरवलंय. पाच मिनिटं. भाषण लिहून दाखवलं, तर बाईंनी एका परिच्छेदाला पेन्सिलीने कंस केला आणि म्हणाल्या, "हे राहू दे." आमच्याकडे राहू दे म्हणजे काढून टाक.

तो परिच्छेद एका मुलाबद्दल आहे. नाव इथे लिहीत नाही. हजेरीत तो चौदा आणि मी पंधरा. मुलगे आधी, मुली मागून, त्यामुळे तो मुलग्यांत शेवटचा आणि मी मुलींत पहिली. घटक चाचणीला पण तो माझ्या पुढच्या बाकावर. पेन संपलं की मागे न बघता हात मागे करायचा आणि मी पेन द्यायचे. परत एकदाही मिळालेलं नाही.

पाचवीत आम्ही सत्तावीस होतो, आता बावीस. चौघं मुंबई-पुण्याला शिकायला गेली. त्यांची नावं घे असं बाई स्वतःहून म्हणाल्या. पाचवा म्हणजे हा. तो हर्णैला बोटीवर असतो.

आमच्या बॅचचं सगळंच वाकडं झालं. सहावीत मार्चमध्ये शाळा बंद झाली, वार्षिक परीक्षा झालीच नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. दुपारच्या दोन-तीन तासांत मागल्या दारची बाग आडवी. माझे आजोबा पडवीत बसून नुसते पोफळी मोजत होते, मोडलेल्या. त्या पावसाळ्यात लावलेली रोपं अजून धरलेली नाहीत. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे पहिली सुपारी येईल तेव्हा माझी बारावीपण संपलेली असेल. शाळेच्या दोन वर्गांची कौलं गेली. लाईट आमच्या वाडीत दीड महिन्याने आली.

मग ऑनलाइन शाळा. खाली गावात रेंज नाही. वीस मिनिटं चढून सड्यावर गेलं की जांभ्याच्या एका ठरावीक दगडापाशी दोन काड्या यायच्या. (माझं इथलं नाव त्यावरूनच.) आम्ही वाडीतली पाच जणं आणि फोन एक. तो फोन चौदा नंबरच्या आईचा. धुकं इतकं असायचं की बाई विचारायच्या, "तुम्ही कुठे बसलायत, स्वयंपाकघरात का?" पाऊस आला की तो फोन दुधाच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत धरायचा आणि आम्ही त्याच्या पोटाला कान लावून भूगोल ऐकायचो. खरंच सांगते, हसू नका.

आणि तो बोलायचा फार. आमच्या सरांचा उशिरा येणाऱ्यांसाठी एक ठरलेला डायलॉग होता, "आपल्या मुरुडचे कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि तुमची एसटी चुकते!" एकदा हा उभा राहून म्हणाला, "पण सर, तिथे पोचल्यावर त्यांना बसू कुठे दिलं?" खरंच आहे ते, वय लहान दिसतं म्हणून महर्षी कर्व्यांना परत पाठवलं होतं. सर काही बोलले नाहीत. त्यानंतर डायलॉग बंद झाला.

लॉकडाऊनमध्ये तो मामाबरोबर बोटीवर जायला लागला. आठवीत ऑक्टोबरमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा थोडे दिवस आला, दिवाळीनंतर नाही. मार्चपर्यंत बाई हजेरी घेताना बारा, तेरा म्हणायच्या, जरा थांबायच्या, मग पंधरा. नववीत नवीन हजेरी झाली आणि मी चौदा झाले. पहिले काही दिवस मी "हजर" म्हणायलाच विसरायचे.

तर परिच्छेदात एवढंच होतं की आमची सातवी ज्याच्या फोनवर झाली तो आज इथे नाही. बाईंचं म्हणणं, संस्थेचे लोक मुंबईहून येणार, पाहुणे येणार, त्यांच्यापुढे हा विषय नको. आणि त्याच्या आईलाही बरं वाटणार नाही. पहिलं कारण मला पटत नाही. दुसऱ्याने मी अडकले आहे. काय करू?

मास्तरांचा_नातू

मी एक भाषण देतो, तेच म्हण. "व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मनात आनंद आणि दुःख अशा संमिश्र भावना दाटून आल्या आहेत. शाळा ही आपली दुसरी आई असते..." कुणाला काही लागत नाही, वेळेत बसतं.

सड्यावरची

दादा, हे मागच्या वर्षीच्या ताईने म्हटलंय आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या दादानेही. दुसऱ्या आईपर्यंत सगळ्या शाळेला पाठ आहे.

विरारकर_९४

मी तुझ्याच बाजूचा, केळशीकडचा. दहावी १९९४. आमच्या निरोप समारंभात कोण काय बोललं ते आज एका शब्दाने आठवत नाही. गुलाबाचं फूल, एक पेन आणि कागदात गुंडाळलेला पेढा मिळाला, तेवढं आठवतं. पेढा खिशात विरघळला आणि आईने मारलं.

तू विचारतेस म्हणून दुसरं सांगतो. पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही गेट-टुगेदर केलं. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, नाव 'दहावी १९९४'. ॲडमिनने शाळेतून दहावीची यादी आणली आणि एकेक नंबर शोधून जोडत गेला. हॉल झाला, जेवण झालं, सारखे शर्टसुद्धा शिवले. परतताना दापोली स्टँडवर मला आमच्यातला एक भेटला, सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसलेला. रिक्षा चालवतो. मला म्हणाला, "बरेच लोक दिसतायत आज, लग्न होतं का कुणाचं?" मी हो म्हणालो. अजून हे कुणाला सांगितलेलं नाही, ग्रुपवरही नाही.

यादी दहावीची काढली की जो आठवीत सुटला तो वर्गात नव्हताच असं होतं. हे कुणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच होतं. माझं मत, नाव घे.

खडूचीधूळ

मी गुहागर तालुक्यात शिकवते, एकोणीस वर्षं झाली. तुझ्या बाईंची बाजू मांडते, रागावू नकोस.

आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्याने सक्तीचं आहे. आठवीतून मूल गेलं तर ते शाळेच्या नावावर बोट असतं. पाहुण्यांसमोर तू नाव घेतलंस की कुणीतरी खुर्चीतून वळून मुख्याध्यापकांकडे बघणार. बाईंना ते नको आहे, आणि कदाचित त्या स्वतः दोन-तीनदा त्याच्या घरी जाऊन आल्या असतील. आम्ही जातो. आई पडवीत चहा देते, मुलगा मागच्या दाराने निघून जातो आणि आपण चहा पिऊन परत येतो. मधे थांबून पंधरा म्हणणाऱ्या बाईंना तो मुलगा आठवत नाही असं मला वाटत नाही.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. भाषणापेक्षा त्याला १७ नंबरच्या फॉर्मबद्दल कुणी सांगितलंय का? शाळा सुटलेल्याला बाहेरून दहावीला बसता येतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो, आणि जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची. फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तो घरीच असेल. मुलं दाखल्यापाशीच अडकतात, म्हणून तो आधीच काढून ठेवायला सांग.

हर्णैचा_तांडेल

बाय, मी नववीतून सुटलो. कुणाचा दोष नाही, मला वर्गात बसवत नव्हतं.

सगळे सांगतायत नाव घे, नको घेऊ. त्याला कुणी विचारलं का? तू तिथे नाव घेणार, लोक टाळ्या मारणार, बायका पदर लावणार डोळ्याला. आणि संध्याकाळी लिलावाला वाळूवर कुणीतरी त्याला म्हणणार, तुझं नाव भाषणात आलं रे, बिचारा म्हणाले. महिनाभर बोटीवर तेच चालेल. खलाशांच्या तोंडाला लागलास की सुटका नाही.

बोट लागते तेव्हा फोन कर नाहीतर सरळ बंदरावर ये. विचार. हो म्हणाला तर घे.

आणि गुहागरच्या बाईंना सांगतो, फॉर्म ठीक आहे, पण पेपर मार्चात. मार्चात कुठला मालक पोराला सोडतो? आधीच बोलून ठेवावं लागतं. विषय राहिले तर पुरवणी जून-जुलैत असते, तेव्हा बंदीच, ते बरं पडेल.

सड्यावरची, २१ फेब्रुवारी

तांडेलकाका, आईला म्हावरं आणायचंच होतं, तिच्याबरोबर काल संध्याकाळी गेले. लिलाव चालू होता. आधी तो दिसलाच नाही, मग बैलगाडीच्या मागे टोपली उतरवताना दिसला. माझ्यापेक्षा टीचभर उंच झालाय. हाताला चिरा पडलेल्या, मिठाने पांढऱ्या. मला म्हणाला, "पेन परत मागायला आलीस का?"

भाषणाचं सांगितलं. आधी नको म्हणाला. मग विचारलं, काय काय सांगणार? मी फोनचं आणि दुधाच्या पिशवीचं सांगितलं. तर म्हणाला, ते चालेल, पण नाव घेऊ नको, चौदा नंबर म्हण, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आणि बिचारा टाइप काही लिहिलंस तर खबरदार. कर्व्यांचं पण घाल म्हणाला. सर समोरच बसणार आहेत, ते मी घालणार नाही.

फॉर्मचं सांगितलं तेव्हा नुसता हसला. हो पण नाही आणि नाही पण नाही. तेवढ्यात मामाने हाक मारली.

बाईंना आज सगळं सांगितलं. त्यांनी वही घेतली आणि पेन्सिलीचा कंस खोडला. खोडरबर माझंच होतं.

सड्यावरची, २४ फेब्रुवारी

झालं काल. नेमका त्या परिच्छेदाला माईक कुई करायला लागला, पाहुण्यांना निम्मं कळलं नसणार. मागच्या रांगेतल्या आमच्या मुलग्यांना कळलं. मुंबईचे साहेब नंतर मला म्हणाले, रेंजचा प्रश्न आम्ही वर कळवू. विरारकरदादा, आम्हाला पेन मिळालं, पेढ्याच्या ऐवजी काजू कतली.

कार्यक्रम संपल्यावर ऑफिसात विचारलं. दाखला शाळेतच आहे, कुणी न्यायला आलंच नव्हतं. ऑफिसातले काका म्हणाले, त्याच्या आईला सही करायला पाठव, पाच मिनिटांचं काम आहे. रात्री त्याला तसा मेसेज केला. अजून एकच टिक आहे. बोट बाहेर असणार.