खोक्यावर १६००, आत कोण?

दाणेदार

कृष्णधवल फिल्मचे दोन रोल हाती आले. खोकं देखणं, त्यावर ठसठशीत १६०० (हा फिल्मचा वेग; आकडा जितका मोठा तितका कमी प्रकाश पुरतो), खाली 'खास रात्रीसाठी'. फिल्म कोणत्या कारखान्याची, कोणत्या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) किती मिनिटं धुवायची, याबद्दल अवाक्षर नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असं करणारा तो एकटा नाही.

पहिला रोल १६०० ला मीटर लावून रात्री जिन्यात आणि गल्लीत संपवला. धुतल्यावर दिव्याखालची कपाळं आणि नाकं तेवढी उमटलेली, बाकी निगेटिव्ह काचेसारखी स्वच्छ. कडेला एरवी फिल्मचं नाव असतं, तिथे नुसते फ्रेमचे आकडे. शिवाय पहिल्या तीन फ्रेमवर उभे काळे पट्टे.

दुसऱ्या रोलवर खुर्चीच्या पाठीवर काळा स्वेटर टाकला आणि १०० पासून १६०० पर्यंत एकेक स्टॉपने, म्हणजे दर वेळी प्रकाश निम्मा करत, टिपला. २०० ला विणीचे टाके मोजता येतात. ४०० ला टाके आहेत हे माहीत असलं तर दिसतात. ८०० ला स्वेटरच्या जागी भोक.

दुसऱ्याची फिल्म आपल्या खोक्यात घालून विकायला माझी ना नाही. पण आत काय आहे ते लपवणं ही शुद्ध फसवणूक आहे असं माझं मत. साबण कोणी बनवला हे न कळताही अंघोळ होते. फिल्मचं तसं नाही, तिचं अर्धं काम विकत घेणाऱ्याच्याच हातून व्हायचं असतं. बोला.

लाल दिवा

फसवणूक हा शब्द जड होतोय. इमल्शनचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या लेपाचा, थर चढवणारे कारखाने जगात आहेत किती? रॉचेस्टरला कोडॅक, मोबर्लीला हारमन, ह्रादेत्स क्रालोव्हेला फोमा, मॉर्टसेलला अॅग्फा-गेव्हार्ट, आणि आणखी थोडेफार. एक मोठं रीळ म्हणजे मीटरभराहून रुंद आणि किलोमीटरच्या हिशोबात लांब. दोन-चार माणसांचा ब्रँड हे घरी करणार आहे का? तो तयार माल घेतो आणि स्वतःचं खोकं छापतो. आता कारखान्याचा तोच माल शेजारच्या फळीवर जास्त किमतीला असेल, तर 'आमचं नाव छापू नका' असं कारखाना म्हणणारच. याला धंदा म्हणतात.

आणि अशा छोट्या ब्रँडांमुळे त्या कारखान्यांची यंत्रं फिरती राहतात हेही विसरू नका. रडायचं असेल तर १६०० या आकड्यावर रडा, गुपितावर नको.

ढकलगाडी

आकड्यावरही रडू नका! खोक्यावरचा आकडा म्हणजे आयएसओ, प्रमाणित पद्धतीने मोजलेला वेग, असा नियम कुठे आहे? कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० घ्या. १९८८ ची फिल्म, २०१२ ला बंद, २०१८ ला परत आली. त्यातला 'पी' म्हणजे पुश, कमी प्रकाशात टिपून धुण्याची वेळ वाढवणं. तिचा खरा वेग ८०० ते १००० च्या घरात, हे कोडॅकच्याच माहितीपत्रकात आहे. इलफर्डच्या डेल्टा ३२०० चंही तेच, आयएसओ १०००. आम्ही वर्षानुवर्षं दोन्ही ३२०० ला वापरतो, वेळ वाढवून धुतो, कोणी 'फसवलं' म्हणून गळा काढत नाही.

तुमच्या रोलमध्ये सावल्या आल्या नाहीत, कारण तुम्ही धुण्याची वेळ अंदाजाने ठरवलीत.

दाणेदार

@ढकलगाडी, माझीच बाजू मांडल्याबद्दल आभार. 'माहितीपत्रकात आहे' म्हणालात ना? माझ्या खोक्यात माहितीपत्रक होतं कुठे? अंदाजाने नाही तर काय पंचांग बघून धुणार?

शिवाय पी३२०० आणि डेल्टा मुळातच वेगवान, हजाराच्या आसपासच्या. तिथून ३२०० म्हणजे पावणेदोन स्टॉप. माझ्या स्वेटरच्या हिशोबाने २०० वरून १६०० म्हणजे पुरते तीन. आणि पुश केल्याने सावल्यांत नवीन काही जन्माला येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. जिथे प्रकाश पडलाच नाही तिथे डेव्हलपर तासभर ठेवला तरी हायलाइट, म्हणजे उजळ भाग, तेवढे करपतात.

नवा भिडू

मी याच फिल्मचा एक रोल वापरला आहे. भर उन्हात, १६०० लाच. काळेकुट्ट काळे आणि पांढरेशुभ्र पांढरे, मला तर जाम आवडले. लॅबवाल्याने धुऊन दिले, मी काहीच विचारलं नाही. कोणत्या कारखान्याची आहे हे कळल्याने माझे फोटो बदलणार आहेत का? प्रामाणिक प्रश्न आहे, हलके घ्या.

हायपो

@नवा भिडू, झालेले फोटो नाही बदलणार. पण तसेच पुन्हा हवे असतील तर? लॅबवाल्याने कशात धुतले हे विचारून ठेवा, पुढच्या वेळी तो दुसरंच काही वापरेल.

@दाणेदार, फिल्मची जीभ (कॅसेटबाहेर आलेलं टोक) घ्या आणि फाडून बघा. असिटेटचा पाया असेल तर कागदासारखी टर्रकन फाटते. पॉलिएस्टर असेल तर ताणली जाईल, बोटं दुखतील, पण फाटणार नाही. तुमच्या काळ्या पट्ट्यांवरून मला पॉलिएस्टरचा दाट संशय आहे. नितळ पॉलिएस्टर उघड्या जिभेवर पडलेला प्रकाश नळीतून पाणी जावं तसा कॅसेटच्या आत वाहून नेतो. भर उजेडात रोल भरला की पहिल्या काही फ्रेमा गेल्या. कॅमेऱ्याला दोष देऊ नका, रोल सावलीत भरा.

दाणेदार

फाडायला बसलो. फिल्म जिंकली. आता कात्रीनेच कापतो.

@लाल दिवा, आता बघा. 'रोल सावलीत भरा' एवढं एक वाक्य खोक्यावर छापलं असतं तर कारखान्याचं कोणतं गुपित फुटलं असतं?

लाल दिवा

या मुद्द्यावर मान्य. सूचना हवीच. पण सूचना वेगळी आणि कुळाचा दाखला वेगळा. तुम्ही दाखला मागताय.

हायपो

दाखल्यावर मीही लाल दिव्यांच्या बाजूने. कारखाना कळला म्हणजे फिल्म कळली असं होत नाही. फुजीची अॅक्रॉस टू आली, डब्यावर 'मेड इन यूके' दिसलं आणि लोकांनी निकाल लावला की ही हारमनच्या कारखान्यातली इलफर्ड डेल्टा १००च, नवीन कपड्यातली. पण अॅक्रॉस टूला दोन मिनिटांपर्यंतच्या लांब एक्स्पोजरला काही भरपाई लागत नाही. डेल्टा १०० ला त्याच्या कितीतरी आधी वाढवून द्यावं लागतं. इमारत एक असली म्हणून इमल्शन एक होत नाही.

उलटा प्रकार तर याहून वाईट. अॅग्फाची एपीएक्स ४०० आठवते का? २००५ ला अॅग्फाफोटोचं दिवाळं वाजलं, लेव्हरकुझेनच्या कारखान्यातली ती फिल्म संपली. पुढे त्याच नावाने दुसऱ्याच कारखान्यातली, दुसऱ्याच इमल्शनची फिल्म बाजारात आली. जुन्या वहीतल्या वेळा लावणाऱ्यांची पंचाईत झाली. तिथे नाव होतं, खानदानी होतं, उपयोग शून्य.

त्यापेक्षा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर, जो जवळपास लालच्या पलीकडचाच प्रकाश आत सोडतो, लावून एखादं झाड टिपा. साध्या पँक्रोमॅटिक (डोळ्याला दिसणारेच रंग टिपणाऱ्या) फिल्मवर काहीही येणार नाही.

कृष्णधवल

लपवाछपवीशिवायही हा धंदा होतो. सिनेस्टिलची बीडब्ल्यूएक्सएक्स म्हणजे ईस्टमनची डबल-एक्स, १९५९ पासूनची सिनेमाची निगेटिव्ह, हे ते स्वतःच सांगतात. २०१६ ची जेसीएच स्ट्रीटपॅन ही बंद पडलेली पाळतीची फिल्म परत सुरू केलेली, हेही विक्रेत्याने आधीच सांगितलं होतं. दोन्ही खपल्या. माणसं नावाची गोष्टही विकत घेतात. ज्यांना सांगायची लाज वाटते त्यांच्याबद्दलच शंका येते.

अवांतर: खोट्या १६०० चा एक फायदा आहे. विमानतळावर तो आकडा दाखवला की साध्या एक्स-रेऐवजी हाताने तपासणी करून घेणं सोपं जातं. २०० दाखवलं की 'काही होत नाही, जाऊ द्या' म्हणून बॅग आत ढकलतात.

दाणेदार

झाड टिपलं. ७२० चा फिल्टर, तिपाई, वेगवेगळी एक्स्पोजर. पानं बर्फ पडल्यासारखी पांढरी आणि आकाश काळं! म्हणजे ही फिल्म लाल रंगाच्याही पलीकडे बघते.

नितळ पॉलिएस्टर, लालच्या पलीकडची दृष्टी, दणकट कॉन्ट्रास्ट, खरा वेग २०० च्या आसपास. मॉर्टसेलची अॅव्हिफॉट पॅन २०० विमानातून नकाशासाठी जमीन टिपायला बनवलेली आहे, आणि तिचं वर्णन थेट असंच आहे. वरून धुक्यातून बघायला लालकडची दृष्टी लागते आणि कॉन्ट्रास्टही. जिन्यातल्या चेहऱ्यांसाठी ती बनवलेलीच नाही. 'खास रात्रीसाठी' म्हणे!

ढकलगाडी

'थेट असंच' वरून 'तीच' वर उडी मारू नका. आणि तीच असली तरी नव्या भिडूला उन्हात आवडली ना? फिल्म वाईट नाही, तुमची अपेक्षा चुकली.

दाणेदार

अपेक्षा खोक्याने लावली होती. मला कारखान्याचं नाव नको, चला, सोडलं. खरा आयएसओ, एका तरी ओळखीच्या डेव्हलपरमधली वेळ आणि आत इमल्शन बदललं तर नावापुढे एखादा आकडा. इतकं द्या आणि खुशाल गुपित ठेवा.

लाल दिवा

शेवटचं कशाला? एका नावाखाली एकच फिल्म राहणार, एवढा भरवसा ब्रँडवर ठेवायला हवा. नाहीतर त्या नावाला अर्थ काय?

नवा भिडू

मध्येच बोलतो. हे वाचून मीही आज नवीन रोल आणला. खोकं तेच, १६०० तेच. जीभ फाडून बघितली.

टर्रकन फाटली.

हायपो

बॅच नंबर काय आहे?

दाणेदार

खोक्याच्या बुडाशी, तारखेच्या शेजारी बघ. माझ्या दोन्ही खोक्यांवर नुसती तारीख आहे.

नवा भिडू

माझ्यावरही नुसती तारीखच.