इंजिन खोलायच्या कागदावर सही करावी का?

खेर्डीकर
डिझेल गाडी, एमएच-08, घेऊन दोन वर्षं चार महिने झाले, 34 हजार किलोमीटर. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणजे अजून चालू आहे. दर दीड हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते. पार्किंगमध्ये खाली थेंब नाही, म्हणजे गळत नाही, जळतंय. कुंभार्ली चढताना मागच्या एसटीवाल्याने हॉर्न मारून खूण केली, तेव्हा निळा धूर पहिल्यांदा पाहिला.

सर्व्हिस सेंटरच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा "नवीन इंजिन आहे, बसायला वेळ लागतो". मग एक व्हॉल्व्ह बदलला, मग सॉफ्टवेअर अपडेट, मग ऑइलचा डबा वेगळ्या कंपनीचा. आता म्हणतात इंजिन खोलावं लागेल, या कागदावर सही करा. कागदात बारीक अक्षरात लिहिलंय की दोष वॉरंटीत बसला नाही तर खोलण्या-जोडण्याचा खर्च मालकाने द्यायचा. आणि दोष बसतो की नाही हे ठरवणार कोण? तेच.

माझं मत: सही करू नये. त्यांच्या माणसाने, त्यांच्या शेडमध्ये, माझ्या पाठीमागे इंजिन खोललं की पुरावा संपला. आधी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, मग आयोगाच्या आदेशाने तपासणी. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. कंपनीचं उत्तर आलं, "कृपया आपल्या डीलरशी संपर्क साधावा." ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच.

गॅरेजवाले अण्णा, कुडाळ
रागावू नका, पण हे मत चूक आहे. न खोलता पिस्टनची रिंग गेली, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासली, व्हॉल्व्हचं सील गेलं की टर्बोचं, हे ब्रह्मदेव आला तरी सांगणार नाही. अंदाज मात्र बांधता येतो. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो), लीकडाउन टेस्ट (तो दाब किती गळतो), बोअरस्कोपचा बारीक कॅमेरा आत घालून सिलिंडरची भिंत बघणं, टर्बोचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का पाहणं. हे सगळं इंजिन न उघडता होतं. चार फेऱ्यांत यातलं एक तरी केलं का? जॉबकार्डावर कॉम्प्रेशनचे आकडे आहेत का? नसतील तर आधी ते मागा.

आणि दुसरी बाजूही ऐका. 2021 च्या 22 जुलैला चिपळूण बुडालं, त्यानंतर आमच्या लाइनीतल्या प्रत्येकाने पाणी प्यालेली इंजिनं पाहिली. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल मारून चालू करायची, कनेक्टिंग रॉड वाकवायचा, आणि मग "कंपनीचा दोष" म्हणायचं, अशी गिऱ्हाइकं मी मोजलेली आहेत. बीएस-6 डिझेल रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर फिरवायची, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला गाडी कधी तापूच द्यायची नाही, तेही दोष कंपनीला. फक्त त्यात डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी चढते. तुमची उतरतेय, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवतो.

भाट्ये खाडी
मी या वाटेने गेलोय. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल, चाचणी लागली तर पाच. माझ्या पहिल्या गाडीला पावणेचार वर्षं लागली. तारखेला गेलो की समोरचा वकील पुढची तारीख मागायचा. शेवटी मोफत दुरुस्ती आणि काही हजारांची भरपाई. तोवर गाडीची किंमत अर्ध्यावर आली होती. त्यापेक्षा कंपनीच्या एरिया मॅनेजरला गाठा, "गुडविल"मध्ये काय देतात ते घ्या आणि मोकळे व्हा. अहंकाराला रोडटॅक्स लागत नाही, पण पेट्रोल फार लागतं.

खेर्डीकर
गुडविल देऊ केलंय. सामान त्यांचं, मजुरी माझी. वॉरंटी चालू असताना मजुरी मी का द्यायची? हे उपकार नव्हेत, माझेच पैसे मला कमी करून परत देताहेत. अण्णा, कॉम्प्रेशनचा आकडा कुठल्याच जॉबकार्डावर नाही. "ग्राहकाची तक्रार: ऑइल कमी होते. तपासले, ठीक" एवढंच चारही वेळा.

अलिबागची वकील
चारही वेळा "ठीक" लिहिलंय? मग ती जॉबकार्डं लॅमिनेट करून ठेवा. तक्रारीच्या चार नोंदी कंपनीच्याच हातच्या आहेत. तुमच्याकडे यापेक्षा चांगला कागद नाही.

मात्र सही न करण्याच्या हट्टाबद्दल अण्णांशी सहमत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 38 प्रमाणे, चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि 45 दिवसांत अहवाल मागवतो. फी आधी तक्रारदाराने भरायला सांगू शकतात. असे बरेच खटले याच टप्प्यावर जिंकले-हरले जातात. "मला वाटतं उत्पादनदोष आहे" हे शपथपत्रावर लिहिलं तरी पुरावा होत नाही, तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तो नसलेल्या तक्रारी कोसळताना मी पाहिल्यात.

काय मागायचं तेही नीट ठरवा. नवी गाडी मागणारे बरेच असतात. मारुतीच्या 2006 सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग बदलून देण्याची आहे, भाग बदलता येत असताना अख्खी गाडी बदलायला लावता येत नाही. उलट 2022 मध्ये एअरबॅग न उघडल्याच्या ह्युंदाईच्या खटल्यात गाडी बदलून देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने कायम ठेवला. दोन टोकं आहेत. रिंग-पिस्टनची केस पहिल्या टोकाला जास्त जवळ.

मुदत विसरू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्या पहिल्या जॉबकार्डाची तारीख कोणती?

खेर्डीकर
पहिलं जॉबकार्ड एकवीस महिन्यांपूर्वीचं. म्हणजे तीन महिने उरले? हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

अलिबागची वकील
तेवढेच धरून चला. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं आणि "सर्व्हिस सेंटरने झुलवलं" हे कारण दरवेळी चालत नाही. तक्रार रत्नागिरीतच करा. राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय याच कायद्याने दिली. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाख 200 रुपये, वीस लाखांपर्यंत 400. वकील लावलाच पाहिजे असंही नाही (हे मी सांगतेय, बघा). डीलर आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करा. 2021 मध्ये गोव्यातल्या एका खटल्यात टाटा मोटर्स सुटली, कारण डीलरने केलेल्या फसवणुकीची तिला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. इंजिनातला दोष मात्र कारखान्यातला, तिथे उत्पादक बाहेर राहू नये.

दांडी बीच टॅक्सी
माजी गाडी टुरिस्ट परवान्याची. गेल्या मे महिन्यात, ऐन सिझनाक, इंजिन गरम होवन बंद पडला. कंपनीचो माणूस म्हणता, तू धंदो करतस, तू ग्राहक न्हय. आता माका सांगा, ह्या गाडयेवर माजा घर चालता, मग मी कोण?

अलिबागची वकील
दादा, तुम्ही ग्राहकच. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर आहे, पण स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादातून वगळली आहे. गाडी एक असेल आणि तुम्हीच चालवत असाल तर ते तक्रारीत पहिल्या परिच्छेदात लिहा. पाच गाड्या आणि पाच ड्रायव्हर असतील तर गोष्ट वेगळी.

हर्णै
सरकारचं रिकॉलचं पोर्टल आहे ना? तिथे सगळ्यांनी तक्रारी टाकल्या तर कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागतील. कोर्ट कशाला? आणि हे ई20 इंधनाचं, 20 टक्के इथेनॉलवाल्याचं, काय?

अलिबागची वकील
मोटार वाहन कायद्याचं कलम 110-अ, 1 एप्रिल 2021 पासून लागू. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. पण तो दोष पर्यावरणाला, गाडीतल्या लोकांना किंवा रस्त्यावरच्यांना धोका देणारा हवा, आणि मॉडेलच्या विक्रीप्रमाणे ठरावीक संख्येने तक्रारी जमाव्या लागतात. जरूर टाका, पण त्यावर विसंबून दोन वर्षांची मुदत घालवू नका. खेर्डीकरांची गाडी डिझेल, ई20 पेट्रोलचं. त्याचा वेगळा धागा काढा.

भाट्ये खाडी
वेगळा धागा नको बाई, तो कधीच संपणार नाही.

खेर्डीकर
मत अर्धं बदललंय. अर्धंच. काल सर्व्हिस सेंटरला ईमेल टाकला: सही करीन, पण आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउनचे आकडे लेखी द्या, इंजिन माझ्या मेकॅनिकच्या समोर खोला, व्हिडिओ काढू द्या, काढलेले पिस्टन आणि रिंगा माझ्या ताब्यात द्या. आज मॅनेजरचा फोन: "साहेब, व्हिडिओला वरून परवानगी नाही आणि जुने भाग मिळत नाहीत."

गॅरेजवाले अण्णा, कुडाळ
जुन्या भागांचं तो खरं बोलतोय. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीचा होतो, पुस्तिकेत बघा. म्हणून भाग मागू नका, मोजमाप मागा. रिंगेचा गॅप, पिस्टनचा व्यास, बोअरचा व्यास वर-मध्ये-खाली, आणि प्रत्येकाशेजारी कंपनीची मर्यादा. आकडा मर्यादेबाहेर असेल तर तो आकडाच बोलेल.

भाट्ये खाडी
आणि "व्हिडिओला परवानगी नाही" हे फोनवर नको. ईमेलवर लिहून मागा. माझ्या वेळी मी ते केलं नाही.

खेर्डीकर
मागितलंय. अण्णा, बुधवारी बोलावलंय त्यांनी. याल का?

गॅरेजवाले अण्णा, कुडाळ
सकाळच्या गाडीने येतो. बोअर गेज आणि मायक्रोमीटर माझाच आणतो, त्यांचा नको. तोवर ऑइल उगाच टॉप-अप करू नका. पातळीचा किलोमीटरसकट फोटो काढा आणि मिनिममच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर तेच कारण दाखवतील.