मुलगी समुपदेशकांकडे यायला तयार नाही

प्रश्न : दहावीत गेल्यापासून माझी मुलगी रात्री झोपत नाही, जेवण टाळते आणि मैत्रिणींशीही बोलत नाही, समुपदेशकांचे नाव काढले की ‘मी वेडी नाही’ म्हणून दार लावून घेते. काय करावे?

उत्तर : ताई, आधी तुम्ही दोघे पालकच समुपदेशकांना भेटा. ती सत्रात जे बोलेल ते, जिवाला धोका असल्याखेरीज, तिच्या संमतीविना तुम्ही विचारणार नाही, असा शब्द तिला द्या. माझ्या मते बोललेले घरी कळेल ही भीतीच बहुधा खरा अडसर असते.

‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते. मरणाची भाषा कानावर आली, तर मात्र त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या.