मदत हवी आहे: आयनिक टूथब्रश वापरूनही प्लाक कमी होत नाही

माहीमकर:
जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे आणि शक्य तितक्या लवकर हवे आहे. प्लाक (दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर) कमी व्हावा म्हणून बॅटरीचा, दांड्यावर धातूची पट्टी असलेला जपानी पद्धतीचा आयनिक टूथब्रश घेतला. बॅटरी नवी आहे आणि वापर दोन्ही वेळा नियमितपणे होतो. तरीही खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूचा पिवळसर थर तसाच आहे आणि हिरड्यांतून रक्त येते. दुसऱ्या कंपनीचा आयनिक ब्रश घ्यावा का? ‘नीट घासत जा’ एवढाच सल्ला कृपया देऊ नये.

निळी शाई:
हा थर मऊ आहे की खरखरीत आणि कडक, हे आपण लिहिलेले नाही. मऊ असेल तर तो प्लाक. कडक असेल तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट साचून झालेले कीटण, आणि ते कोणत्याही ब्रशने निघत नाही. लाळग्रंथींच्या नलिका जिभेखाली उघडत असल्यामुळे नेमक्या याच दातांमागे ते सर्वांत आधी जमते.

पुनर्वसू:
माझ्या मते हा पैसा वाया गेला आहे. मी गोल फिरणाऱ्या डोक्याचा इलेक्ट्रिक ब्रश वापरतो आणि समाधानी आहे. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात) साध्या ब्रशच्या तुलनेत विजेवरच्या ब्रशने तीन महिन्यांनंतर प्लाक सरासरी २१ टक्के कमी आढळला, आणि त्यातील सर्वाधिक पुरावा याच फिरणाऱ्या ब्रशचा होता.

कांदळवन:
पुनर्वसू, विचारलेला ब्रश कंप पावणारा नाही, त्यामुळे आपली आकडेवारी येथे लागू पडत नाही. आयनिक ब्रशमागचा दावा असा की दाताचा पृष्ठभाग आणि जिवाणू दोन्ही ऋणभारित असून कॅल्शियमच्या आयनांमुळे ते एकमेकांना चिकटून राहतात. सौम्य विद्युतप्रवाहाने हा बंध सैल होतो. मी हा ब्रश वापरतो आणि दात गुळगुळीत लागतात.

पुनर्वसू:
दात गुळगुळीत लागणे हा पुरावा नव्हे. दंतवैद्यांकडे प्लाक रंगवून दाखवणारे द्रावण मिळते, ते लावून पाहावे.

शुभ्रा:
पिवळेपणासाठी कोळशाची पेस्ट वापरू नये, एवढेच सांगेन. वयानुसार एनॅमल झिजते आणि आतील पिवळसर डेंटिन दिसू लागते. कोळशाच्या घर्षणाने ही झीज वाढते.

माहीमकर:
कोळशाविषयी मी विचारलेले नाही. थर कडक आहे. ब्रश आईसाठी घेतला आहे. पक्षाघातानंतर तिचा उजवा हात चालत नाही. ब्युरोतून येणाऱ्या मावशी दोन्ही वेळा हातमोजे घालून तिचे दात घासतात. त्या हे काम अतिशय काळजीने करतात.

कांदळवन:
ही माहिती आपण आधी द्यायला हवी होती. या ब्रशचे विद्युतमंडल वापरणाऱ्याच्या शरीरातून पूर्ण होते: ओले बोट धातूच्या पट्टीवर आणि ब्रशचे ओले केस दातांवर. मावशींचा हातमोज्यातला हात पट्टीवर असेल, तर आपल्या मातोश्रींच्या शरीरातून प्रवाह वाहतच नाही आणि हा ब्रश केवळ साधा ब्रश ठरतो. त्यांचे डावे बोट ओले करून पट्टीवर टेकवता येईल का? मात्र पेसमेकर बसवलेला असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

निळी शाई:
बोट टेकवल्यानेही कीटण निघणार नाही. आधी स्केलिंग, म्हणजे दंतवैद्यांकडून कीटण खरवडून काढणे, करून घ्यावे. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय माहीमहून फार दूर नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास असू शकतो, म्हणून मावशींनी त्यांना सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, अगदी थोड्या पेस्टने घासावे आणि तोंडातील पाणी व फेस बाहेर काढून घ्यावा. मऊ ब्रशचे केस ४५ अंशांत हिरडीच्या कडेला टेकवून हलकेच हलवावेत. रक्त येते म्हणून ती जागा टाळली, तर प्लाक तेथेच साचतो आणि सूज वाढत जाते.

पुनर्वसू:
हात चालत नसलेल्या व्यक्तीसाठी जाड दांड्याचा इलेक्ट्रिक ब्रश मला अजूनही योग्य वाटतो. डाव्या हाताने धरून त्या स्वतःही वापरू शकतील.

माहीमकर:
रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, पेसमेकर नाही. उद्या सकाळी नायरला जाऊन येतो. डाव्या हाताची पकड मात्र बरी आहे, तेव्हा पुनर्वसू यांना विचारतो: त्या ब्रशच्या कंपनाने अशा रुग्णाच्या तोंडात फेस जास्त होतो का?