सगळ्यांचं मत एकाच आकड्यावर का येतंय?

सचिव_ब_विंग: आमच्या सोसायटीत २४ घरं. पुनर्विकासाचं घोंगडं तीन वर्षं भिजत पडलंय. कोण कोणाचं ऐकतं ते वहीत टिपलं, मतं ० (नको) ते १ (हवा) अशी मांडली आणि १९७४ सालचं डिग्रूटचं मॉडेल पायथनमध्ये चालवलं. दर फेरीला प्रत्येकजण स्वतःच्या आणि ज्यांचं ऐकतो त्यांच्या मतांची भारित सरासरी घेतो. शेवटी सगळेच्या सगळे ०.५८ वर! इथे तर पार्किंगमध्ये दोन गट एकमेकांकडे बघत नाहीत. कोड चुकलाय का?

रांगोळी_गणित: कोड बरोबर आहे. प्रत्येकाचं मत साखळीने प्रत्येकापर्यंत पोचत असेल आणि लोक स्वतःलाही थोडं वजन देत असतील, तर या मॉडेलात एकमत होणारच. तीनच माणसं घ्या. 'अ' आणि 'क' निम्मं स्वतःचं, निम्मं 'ब'चं ऐकतात. 'ब' निम्मं स्वतःचं, पाव-पाव त्या दोघांचं. सुरुवात १, ०, ० केली तर तिघं ०.२५ वर येतात. आता 'अ'ला १ वर आणि 'क'ला ० वर ठाम बसवा, कुणाचंही न ऐकणारे. 'ब' जन्मभर ०.५ वर लटकतो. तुमचं पार्किंग हेच आहे.

भाऊ_नाशिक: फ्रीडकिन-जॉन्सन मॉडेल बघा. त्यात मूळ मताचा ओढा दर फेरीला टिकून राहतो. किंवा हेगसेलमान-क्राउझ, २००२. तिथे माणूस आपल्या मताच्या जवळपासचीच मतं ऐकतो, त्यामुळे गट पडतात आणि पडलेलेच राहतात.

सचिव_ब_विंग: दोघांचे मनापासून आभार. मूळ मताचा ओढा घातला आणि दोन्ही गट पडद्यावर उमटले. सगळ्यात जास्त ओढा तळमजल्यावरच्या आजींना द्यावा लागला, म्हणून काल त्यांच्याकडे जाऊन बसलो. मी त्यांच्या नावापुढे ० लिहिला होता. त्या म्हणाल्या, "इमारत पाडा रे, माझं काही नाही. पण लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावर मी कशी चढू?" म्हणजे त्यांचा ० पुनर्विकासाला नव्हताच, वरच्या मजल्याला होता. आता प्रत्येकाला दोन आकडे विचारतोय, इमारतीचा वेगळा आणि मजल्याचा वेगळा. नऊ घरं झाली, पंधरा राहिली.